एकच गोळी, दोन भाऊ

फोंड्यात आमच्या शेजारी दोन भाऊ आहेत, दोघांनाही एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. दोघांना त्यावरचं अ‍ॅटोमॉक्सेटिन सुरू झालं. थोरला वर्गात टिकून बसायला लागला. धाकट्याच्या ताटलीत मात्र सकाळची पेज तशीच राहायची, जोडीला मळमळ. आजींचं निदान तयार होतं: ‘गोळी उष्ण पडली.’

आजींच्या म्हणण्याचा अर्धा भाग, म्हणजे एकच गोळी प्रत्येकाला वेगळी पडते हा, विज्ञानाने उशिरा का होईना मान्य केला आहे.

१९३७ साली अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. त्यातल्या १४ मुलांचा अभ्यास थक्क व्हावं इतका सुधारला. गाजले ते हे चौदाच. बाकीच्या सोळांचं काय, हा प्रश्न तिथेच पडून राहिला. १९४४ साली रसायनशास्त्रज्ञ पॅनिझोन यांनी मेथिलफेनिडेट (हेही आज एडीएचडीवर देतात) बनवलं आणि बायकोच्या, म्हणजे रीटाच्या, नावावरून ‘रिटालिन’ हे नाव आलं. तरी प्रश्न जागचा हलला नाही.

उत्तराचा धागा सापडला तो भलतीकडेच. लंडनचे रॉबर्ट स्मिथ यांनी रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन स्वतःवरच आजमावलं. सहकाऱ्यांना फारसं काही झालं नाही, यांचा मात्र रक्तदाब कोसळला. हे औषध यकृतात मोडणारं एन्झाइम, म्हणजे ते काम करणारं प्रथिन, त्यांच्यात जवळपास निकामी होतं, आणि ते जन्मतःच. त्यावरचा अभ्यास १९७७ साली छापून आला. त्या एन्झाइमचं आजचं नाव सीवायपी२डी६.

अ‍ॅटोमॉक्सेटिन मोडतं तेही मुख्यतः याच एन्झाइमने. २००२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, तेव्हा हा फरक माहीत होता. बहुतेकांच्या रक्तातलं औषध सुमारे ५ तासांत निम्म्यावर येतं, एन्झाइम मंद असलेल्यांत त्याला २० तासांहून जास्त लागतात. डोस तोच, पण रक्तातली मात्रा कितीतरी पट. आईबापांकडून येणाऱ्या जनुकाच्या प्रती सख्ख्या भावांतही सारख्या असतीलच असं नाही.

मेथिलफेनिडेटची गोष्ट एवढी सरळ नाही. ते यकृतात मोडणारं एन्झाइम वेगळं, सीईएस१. डोपामिन हे मेंदूतलं रसायन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावरून हे औषध कोणाला लागू पडेल ते कळतं का, यावर १९९९ पासून बरेच अभ्यास झाले. एकाने हो म्हणावं, दुसऱ्याने नाही. त्या जोरावर कोणी महागडी चाचणी गळ्यात मारत असेल, तर मी तरी पैसे देणार नाही.

धाकट्याची जनुक-चाचणी झालेलीच नाही. डॉक्टरांनी डोस खाली आणला, आता फार हळू वाढवताहेत. पेज निम्मी तरी संपते.