ब्राउरॉन पुरातत्त्व संग्रहालय

ग्रीसमधील अ‍ॅटिका प्रांताच्या पूर्व किनाऱ्यालगतचे छोटे प्रादेशिक संग्रहालय. अथेन्सपासून सुमारे ४० किमी. या ठिकाणाचे आजचे नाव व्राव्रोना. जवळच आर्टेमिस देवीच्या प्राचीन देवस्थानाचे अवशेष आहेत. इओआनिस पापादिमित्रिऊ यांनी १९४८ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. एरासिनोस नदीच्या गाळाने हे स्थान गाडले गेले होते. त्याच ओल्या चिखलात एरवी कुजून जाणाऱ्या लाकडी वस्तूही टिकल्या.

आर्टेमिस ही शिकारीची देवी. बाळंतिणींची आणि लहान मुलांची राखणही तिच्याकडेच. अथेन्सच्या मुली लग्नाच्या वयात येण्याआधी येथे देवीच्या सेवेला राहत. त्यांना ‘आर्क्तोई’, म्हणजे अस्वली, म्हणत. आख्यायिका अशी : देवळातल्या माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडले, तिच्या भावांनी त्याला मारले आणि देवीच्या कोपाने रोगराई पसरली. प्रायश्चित्त म्हणून मुलींनी ‘अस्वल होण्याची’ प्रथा पडली. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकातल्या बायका आपण केशरी वस्त्रात ब्राउरॉनची अस्वल झाल्याचे अभिमानाने सांगतात. येथे सापडलेल्या लहान मातीच्या भांड्यांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत.

संग्रहालयाचे खरे वैभव म्हणजे लहान मुलामुलींचे संगमरवरी पुतळे. एका मुलीने वस्त्राचा ओचा धरून त्यात चिमुकला प्राणी जपला आहे. गाल गुबगुबीत, ओठांवर हसू. ग्रीक शिल्प म्हटले की पिळदार देहाचे वीर डोळ्यांपुढे येतात; इथे मात्र आईबापांनी देवीला वाहिलेली पोरे भेटतात. एका शिल्पपटावर अख्खे कुटुंब, लेकराबाळांसह, बळीचा बैल घेऊन वेदीकडे निघाले आहे. नवस फेडायला निघालेले घर ओळखायला ग्रीक भाषा यावी लागत नाही. स्त्रियांनी वाहिलेले आरसे आणि दागिनेही येथे आहेत.

दानांची दुसरी बाजू काळीज हलवणारी आहे. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांची वस्त्रे येथे इफिजेनियाला, म्हणजे आख्यायिकेतल्या आर्टेमिसच्या पुजारिणीला, वाहिली जातील, असे युरिपिडिसच्या ‘टॉरिसमधील इफिजेनिया’ या नाटकात अथेना देवी सांगते. ती वस्त्रे काळाच्या ओघात नष्ट झाली. आर्टेमिस ब्राउरोनियाला वाहिलेल्या कपड्यांच्या याद्या मात्र अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेल्या शिलालेखांत वाचायला मिळतात.

मेरेंदा, पेराती या परिसरातील इतर स्थळांच्या दफनभूमींतील वस्तूही याच संग्रहालयात ठेवल्या आहेत.