सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती? सीमाभागातून पाहिलेली पार्श्वभूमी

बेळगावात दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते. १९५६ साली याच तारखेला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसह इथला मराठी मुलूख मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडला गेला. त्याचा निषेध म्हणून माणसं काळे कपडे घालून, काळ्या फिती लावून सायकली घेऊन बाहेर पडतात. लहानपणापासून मी ही फेरी पाहतो आहे. कुणाच्या डोक्यावर टोपी असते, कुणाचं डोकं उघडंच असतं. हेल्मेट घातलेला सायकलस्वार मात्र मला तिथे आठवत नाही.

यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. आपल्याकडे सायकल ही कधी खास पोशाख चढवून चालवायची वस्तू नव्हतीच. मागच्या कॅरियरला दुधाचे कॅन अडकवून हिंडलगा, सुळगा, उचगावहून शहरात रतीब घालायला येणारे, वडगाव-शहापूरच्या मागावर पाळीला जाणारे, उद्यमबागेतल्या कारखान्यांतले कामगार आणि शाळेची पोरं, या सगळ्यांची ती रोजची गरज. जुनी मंडळी सांगतात, की तेव्हा सायकलवाल्याच्या मागे कायदा लागायचा तो तीन गोष्टींसाठी. नगरपालिकेचा बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, आणि डबलसीट. पोलिसानं अडवलं की दंड, नाही तर चाकातली हवा सोडून द्यायची. डोक्याची चौकशी कुणी करत नव्हतं.

डोक्याची चौकशी सुरू झाली ती मोटारसायकलमुळे. १९३५ साली ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार पडून मरताना त्यांनी पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व सांगणारा लेख लिहिला. तरीही ब्रिटनमध्ये मोटारसायकलवाल्यांना सक्ती व्हायला १९७३ साल उजाडलं.

भारतात १९३९च्या मोटार वाहन कायद्यात १९७७च्या दुरुस्तीनं शिरस्त्राणाचं कलम आलं. आंध्र प्रदेशाच्या हेल्मेट सक्तीला एकानं सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. देशभर फिरण्याच्या आपल्या स्वातंत्र्यावर ही गदा आहे, असा त्याचा मुद्दा होता. १९८८ साली अजय कानू खटल्यात न्यायालयानं तो फेटाळला. माणसाचा जीव वाचावा म्हणून केलेला नियम हा स्वातंत्र्याचा भंग नव्हे, असा त्या निकालाचा आशय. त्याच वर्षीच्या नव्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आलं आणि पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. २०१९च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक केलं, दंड हजार रुपये ठरवला आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद केली. कर्नाटकानं पुढे हा दंड पाचशेवर आणला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हा आग्रह मात्र कर्नाटकात त्याआधीच, जानेवारी २०१६पासून सुरू झाला होता. त्या महिन्यात बेळगावच्या दुकानांत हेल्मेट घ्यायला उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल.

या सगळ्यात सायकल कुठेच नाही. मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीनं चालणारं वाहन, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि पायडल मारून चालणारी सायकल तिच्यात बसत नाही. बॅटरीवरची हलकी सायकलसुद्धा, मोटर अडीचशे वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असेल, तर त्या व्याख्येबाहेरच राहते. म्हणजे कलम १२९ दाखवून सायकलवाल्याला दंड करता येत नाही.

सायकलच्या हेल्मेटची गोष्ट वेगळ्या देशांत, वेगळ्या माणसांत घडली. १९७०च्या दशकात अमेरिकेत हौशी आणि शर्यतीचे सायकलस्वार वाढले. त्यांच्यासाठी १९७५ साली बेल कंपनीनं कडक कवच आणि आत थर्माकोलसारखा फेस असलेलं हेल्मेट आणलं. डोकं आपटलं की हा फेस चुरगळतो, आणि त्या चुरगळण्यात जो क्षणभराचा अवधी मिळतो त्यामुळे कवटीला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चुरगळलेला फेस पुन्हा फुगत नाही, म्हणून मार लागलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. युरोपात या हेल्मेटची चाचणी साधारण दीड मीटर उंचीवरून टाकून होते, म्हणजे आपटताना वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. सायकलवरून स्वतःच घसरून पडलेल्या माणसाचं डोकं साधारण एवढ्याच जोरानं रस्त्यावर आदळतं. हा आकडा पुढच्या सगळ्या वादात लक्षात ठेवावा असा आहे.

१९८९ साली अमेरिकेतल्या सिएटलमधल्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा जगभर फिरला. पुढच्या अभ्यासांत तो खाली आला. २०१६ साली चाळीस अभ्यास एकत्र करून ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली गेली, तेव्हा डोक्याची दुखापत निम्म्यानं आणि गंभीर दुखापत सुमारे ६९ टक्क्यांनी कमी दिसली. आकडा उतरला, तरी हेल्मेट उपयोगाचं आहे यात शंका उरत नाही. मला ते आकड्यांवाचूनही पटलेलं आहे. माझा पुतण्या घरासमोरच्या उतारावर, समोर ना गाडी ना माणूस, नुसत्या खडीवरून घसरला आणि दोन दिवस डोकं धरून दवाखान्यात पडून होता. असं पडणं हेल्मेटनं थोपवता येतं.

मग सक्ती का नको, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात सापडतं. १ जुलै १९९० रोजी व्हिक्टोरिया राज्यानं सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जगातला असा पहिला कायदा तो. दोनेक वर्षांत उरलेल्या राज्यांनी तोच रस्ता धरला आणि १९९४च्या पहिल्या दिवशी न्यूझीलंडनंही. तिथे एक आई, रिबेका ओटन, मुलाच्या मेंदूला १९८६च्या अपघातात कायमची इजा झाल्यावर शाळाशाळांतून हेल्मेटचा प्रचार करत फिरली होती. तिच्या तळमळीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. व्हिक्टोरियात हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून वर्षभरात ७५ टक्क्यांवर गेलं. पण मेलबर्नच्या रस्त्यांवर त्याच काळात मोजणी करणाऱ्यांना दुसरंही काही दिसलं. किशोरवयीन सायकलस्वार चाळीस टक्क्यांहून जास्त घटले होते. हेल्मेट घालायला नको म्हणून पोरांनी सायकलच सोडली. डोकी किती वाचली आणि सायकली किती बंद पडल्या, हा हिशेब तिथले संशोधक आजही मांडत असतात.

काही ठिकाणी सक्ती मागे घेतली गेली. मेक्सिको शहरानं २०१० साली भाड्याच्या सार्वजनिक सायकली आणल्या आणि त्या वापरता याव्यात म्हणून सक्ती काढली. इस्रायलनं शहरातल्या प्रौढांना सूट दिली. अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथे १९९३पासून कायदा होता. दंडाच्या पावत्या कुणाला फाडल्या जातात हे तपासलं, तेव्हा त्यातल्या निम्म्याच्या आसपास बेघर माणसांच्या नावावर निघाल्या, आणि २०२२ साली तो कायदा रद्द झाला. ज्या गावच्या अभ्यासानं हेल्मेटचा झेंडा जगभर फडकवला, तिथलीच ही गोष्ट. स्वीडननं पंधरा वर्षांखालच्या आणि फ्रान्सनं बारा वर्षांखालच्या मुलांपुरताच नियम केला. जपाननं एप्रिल २०२३पासून सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करा असं कायद्यानं सांगितलं, दंड ठेवला नाही.

आणि हॉलंड. सायकलींचा तो देश, पण साध्या सायकलवर हेल्मेट घातलेला माणूस तिथे विरळा. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर चारशेहून अधिक मुलं मेली होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ असं त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्यांनी मुलांच्या डोक्यावर टोप मागितला नाही, मोटारींचा वेग कमी करा आणि सायकलला वेगळी वाट द्या असं मागितलं. ती वाट पुढे मिळाली.

आता आपल्या मुलखाकडे. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यात सायकलस्वार ४,८००च्या आसपास होते आणि पायी चालणारे बत्तीस हजारांवर. हेल्मेट न घातल्यानं मेलेले दुचाकीवरचे लोक ५० हजार. मोटारसायकलच्या हेल्मेटबद्दल सरकार एवढा आग्रह का धरतं, ते या शेवटच्या आकड्यातून कळतं. सायकलवाल्याचं मरण मात्र बहुतेक वेळा मागून किंवा समोरून आलेल्या जड वाहनाखाली असतं, आणि तिथे ताशी वीस किलोमीटरसाठी तपासलेला फेस फार पुरा पडत नाही.

निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात ज्यानं गळीत हंगामात संध्याकाळी सायकल चालवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर, बाजूला हातभर ऊस बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा दोन हातांवर आलेली असते. समोरून गाडीचा झोत, उजवीकडे जागा नाही, डावीकडे खडीची कड. अशा जागी पोलिसानं सायकलवाल्याला थांबवून डोक्यावर काय आहे असं विचारावं, याची मला चीड येते.

इथल्या सायकलच्या इतिहासात शाळेचा भाग मोठा आहे. २००६-०७पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलांना फुकट सायकली द्यायला सुरुवात केली. आधी गरीब घरच्या मुलींना, मग मुलांनाही. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी ही योजना होती, त्यामुळे सीमाभागातल्या मराठी शाळांनाही सायकली आल्या. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या वाड्यावस्त्यांतून चार-पाच किलोमीटर चालून हायस्कूलला येणाऱ्या मुलींची शाळा त्या सायकलीनं टिकवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोरोनाच्या काळात योजना थांबली. ज्या सायकली मी वाटल्या जाताना पाहिल्या, त्यांच्यासोबत हेल्मेट नव्हतं. मुलांच्या हेल्मेटचा विचार करायची खरी जागा तीच होती. मोटारसायकल विकताना खरेदीदाराला हेल्मेट द्या, असं केंद्राच्या नियमांत विक्रेत्यांना सांगितलेलं आहे. सरकार स्वतः सायकल देतं तेव्हा सोबत हेल्मेट देणं त्याला जड नाही. आणि पावसाळ्यात एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं हँडल सांभाळणाऱ्या आमच्या पोरींना त्याची गरज नक्की आहे. दंड न करता, हातात देऊन, शाळेतल्या बाईंनी बांधायला शिकवून ही सवय लागते. वेणीवर नीट बसतं का, हेसुद्धा बाईच पाहतील.

उद्या सक्ती करायचीच ठरली तर ती करणार कोण? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत यांत्रिक शक्तीनं चालणारी वाहनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आहेत, म्हणून त्यांचा कायदा दिल्लीत होतो. बाकीची वाहनं राज्याच्या सूचीत, रस्त्यांच्याच नोंदीत आहेत. म्हणजे सायकलच्या हेल्मेटचा कायदा बेंगळुरूत होईल. पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांच्या हक्कांसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह मोबिलिटी’ विधेयकाचा एक मसुदा कर्नाटकाच्या नागरी भू-परिवहन संचालनालयानं काही वर्षांपूर्वी तयार केला होता. त्याची दिशा मला योग्य वाटते, कारण त्यात आधी रस्त्यावरच्या हक्काची भाषा होती. पण कायदा झाला की त्याची सूचना, पावती आणि फलक कन्नडमध्ये येतात. मराठीत परिपत्रकं द्या ही इथल्या भाषिक अल्पसंख्याकांची मागणी कित्येक वर्षं तशीच पडून आहे. दूधवाल्याला दंड करायचा आणि तो कशासाठी हे त्याला वाचता येऊ नये, असं व्हायला नको.

हद्दीचाही प्रश्न आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की तुरमुरी, बाची मागे पडतात आणि लगेच शिनोळी लागतं. ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. अलीकडचा माणूस पलीकडच्या कारखान्यात कामाला जातो, पलीकडची पोरं शिकायला बेळगावात येतात. एका राज्यानं सक्ती केली आणि दुसऱ्यानं नाही, तर हद्दीच्या दगडापाशी त्यानं हेल्मेट चढवायचं की उतरवायचं?

मोठ्या माणसांना दंडाची सक्ती नको, असं माझं मत या सगळ्या इतिहासानंतर पक्कं झालं आहे. ज्याला परवडतं त्यानं हेल्मेट जरूर घ्यावं, मी घालतो. पुतण्यालाही घेऊन दिलं आहे. पण वाहनांना मागे लाल रिफ्लेक्टर लावण्याचा नियम केंद्राच्या मोटार वाहन नियमांत पूर्वीपासून आहे आणि तो हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. त्यासाठी नवा कायदा नको, विधेयक नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी वजनकाट्यावरच प्रत्येक ट्रॉली तपासावी, रिफ्लेक्टर नसेल तर तिथल्या तिथे लावावा आणि मगच ती पुढे सोडावी.