गोड्या पाण्यातली बुडालेली जहाजं पाहायला गटानं जाताना

तारकर्लीला डाइव्हिंग करून आलेली मंडळी साताऱ्यात आमच्याकडे येतात तेव्हा विचारतात, एवढं कॅनडाला जायचं, आणि तेही सरोवरात बुडी मारायला? तर ते लाकडासाठी. समुद्रात शिंपल्यांच्या कुळातला एक किडा बुडालेल्या जहाजाचं लाकूड पोखरून फस्त करतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही, आणि थंडीमुळे कुजणंही संथ होतं. ह्युरॉन सरोवराकाठच्या टोबरमोरी गावात 'स्वीपस्टेक्स' हे १८६७ सालचं शिडाचं जहाज १८८५ मध्ये बुडालं. आज ते जेमतेम सहा-सात मीटरवर आहे आणि त्याचा लाकडी सांगाडा स्पष्ट ओळखू येतो. डाइव्ह न करणाऱ्या घरच्यांना काचेच्या तळाच्या बोटीतूनही ते पाहता येतं.

गटाची आखणी आम्ही सर्वांत नवख्या माणसापासून सुरू करतो. डाइव्हिंग शिकल्याचं पहिलं प्रमाणपत्र म्हणजे ओपन वॉटर कार्ड; त्यावर १८ मीटर खोलीपर्यंत जाता येतं, पुढच्या ॲडव्हान्स्डवर ३०. टोबरमोरीजवळच १८८४ मध्ये बुडालेलं 'अरेबिया' हे जहाज सुमारे ३३ मीटरवर आहे, म्हणजे खोल डाइव्हचा डीप कोर्स केलेल्यांचंच काम. त्यांची बोट वेगळी असते. मित्र निघालाय म्हणून आपणही, हे आम्ही चालू देत नाही, पैसे भरलेले असले तरीही. आणि जहाजाच्या आत कुणीच शिरायचं नाही.

थंडीबद्दल मात्र नीट समजून घ्या. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून खोल सरोवराच्या तळाशी ऐन ऑगस्टमध्येही जवळपास तेवढंच तापमान असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्या पहाटे पाण्यात उतरल्यासारखं. वर पाणी बरं वाटतं, पण थोडं खाली गेलं की एकदम गारठा झोंबतो. साध्या रेग्युलेटरमध्ये, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणात, बर्फ धरून हवा सुसाट वाहू लागते, म्हणून थंड पाण्याचाच रेग्युलेटर हवा. खोल डाइव्हसाठी अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट लागतो, आणि तो वापरायला आधी शिकावं लागतं.

खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनांचा मालवणचा हिशेब तिथे चालत नाही. गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. सामानासह १०० किलो भरणाऱ्याला अडीच किलो शिसं कमी पुरतं, पण जाड सूट घातला की पुन्हा वाढवावं लागतं. हा अंदाज आपण इथल्या जलतरण तलावात प्रत्येकाचा सूट घालून घेतो.

सरावासाठी तारकर्लीला गेलो की परतीची घाई नको. आंबोली घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि सातारा शहरही तेवढ्याच उंचीवर. डाइव्हनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीरात शिल्लक असताना उंचावर जाणं धोक्याचं. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर आम्ही डाइव्हनंतर १८ तास विमानात न बसण्याचा नियमच घाटालाही लावतो. रविवारी दुपारी पाण्याबाहेर आलात तर मुक्काम मालवणातच, सोमवारची रजा आधीच टाका. टोरांटोहून परतीच्या विमानाआधीचा पूर्ण दिवसही याच कारणासाठी मोकळा ठेवतो.

ही जहाजं टोबरमोरीच्या ज्या फॅदम फाइव्ह सागरी उद्यानात आहेत, तिथे डाइव्ह करण्याआधी प्रत्येकाला नोंदणी करावी लागते. जहाजावरचा खिळासुद्धा उचलायचा नाही. हंगाम जून ते सप्टेंबर, पण व्हिसाचं काम हिवाळ्यातच सुरू करू.

पहिल्या बैठकीला कार्ड, लॉगबुक आणि पासपोर्ट आणा. दमा, कानाचं दुखणं, रक्तदाब, काहीही असेल तर त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांचा दाखला हाती आल्यावरच आम्ही तिकीट काढतो.