बंकर (जहाजाचं इंधन) खराब निघतं, मग क्लेम का फेटाळतात? कोणी करायचा, कधीपर्यंत, कागद कुठले

परवा परत एका ओळखीच्या सेकंड इंजिनिअरचा फोन. प्युरिफायर (तेल साफ करणारं यंत्र) दर दोन तासांनी चोक होतोय, लॅबचा रिपोर्ट वाईट आलाय, तरी सप्लायर म्हणतो तुमचा क्लेम बसत नाही. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाच लिहून टाकतो. तेल खराब आहे का यावर भांडण फार चालतच नाही, भांडण चालतं ते सॅम्पलच्या बाटलीतलं तेल आमचंच कशावरून, आणि तुम्ही विचारणारे कोण, यावर.

आधी दुसऱ्या प्रश्नाचंच बघू, क्लेम कोणी करायचा. जहाज टाइम चार्टरवर (ठरावीक काळासाठी भाड्याने) असेल तर बंकर चार्टरर (भाड्याने घेणारा) विकत घेतो, मालक नाही. मालकाच्या ऑफिसमधून सप्लायरला कितीही कडक मेल गेला तरी उत्तर एकच, तुम्ही आमचं गिऱ्हाईक नाही. मालकाने नोटीस चार्टररला द्यायची, त्याने ट्रेडरला (मधल्या विक्रेत्याला), ट्रेडरने प्रत्यक्ष तेल देणाऱ्याला, आणि प्रत्येकाच्या करारातली मुदत वेगळी, म्हणजे तुम्हाला चार्टररकडे ३० दिवस असतील पण त्याला पुढे १४च, मग तो मधल्या मध्ये अडकतो आणि राग तुमच्यावर काढतो.

मुदत मोजतात डिलिव्हरीच्या तारखेपासून. रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून नाही, इंजिन बिघडलं त्या दिवसापासून तर अजिबात नाही. बिम्को या आंतरराष्ट्रीय जहाज संघटनेच्या २०१८च्या अटींमध्ये डिलिव्हरीपासून ३० दिवस आहेत, बऱ्याच सप्लायरांच्या स्वतःच्या अटी त्याहून कमी देतात. आता तेल टाकीत तीन आठवडे पडून राहतं, वापरायला काढल्यावर भानगड कळते, तोवर वेळ संपत आलेली. म्हणून पुरावा जमेपर्यंत थांबू नका, "संशय आहे, हक्क राखून ठेवतो" एवढी दोन ओळींची नोटीस आधी जाऊ द्या, बाकीचं नंतर जोडता येतं.

आता बाटली. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट सहाप्रमाणे सॅम्पल घ्यायचं ते तेल घेणाऱ्या जहाजाच्या मॅनिफोल्डवर (तेलाचा पाइप जोडतात तिथे), आणि बंकरिंग चालू असेपर्यंत सतत थेंबथेंब. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. पहाटे चारला तेल देणारी बार्ज लागली, पाऊस, आमचा फोर्थ इंजिनिअर ड्रिप सॅम्पलर लावतोय आणि बार्जवाला पिशवीतून चार भरलेल्या, सील केलेल्या बाटल्या काढून देतो, वर हसून म्हणतो साइन करा चीफ, वेळ वाचेल. लेबलवर सॅम्पल कुठे घेतलं तो रकाना कोरा. अशा वेळी सही करायचीच झाली तर "फक्त पोच, स्रोत माहीत नाही" असं हाताने लिहून करा, आणि तिथल्या तिथे लेटर ऑफ प्रोटेस्ट (लेखी हरकत) द्या. तो घेत नसेल तर घेतलं नाही असंही त्यावरच लिहा.

दुसरी चूक म्हणजे मार्पोलची बाटली फोडून लॅबला पाठवणं. ती बाटली सरकारी तपासणीसाठी असते, सल्फर वगैरे बघायला. पैशाच्या भांडणात कुठलं सॅम्पल धरायचं ते खरेदीचा करार ठरवतो, आणि बऱ्याचदा सप्लायरने स्वतःच्या बार्जवर घेतलेलं सॅम्पलच त्यात धरलेलं असतं (हो, चोराच्याच हाती चाव्या, पण सही तुमच्याच लोकांनी केलेली असते). करार आधी वाचा. मार्पोलची बाटली तेल बऱ्यापैकी संपेपर्यंत ठेवायची, पण डिलिव्हरीपासून १२ महिने तरी हलवायची नाही.

सल्फरचे आकडे वाचतानाही लोक फसतात. मर्यादा ०.५० टक्के, लॅबने ०.५२ दिलं की ऑफिसात धावपळ सुरू. पण टेस्टमध्येच थोडं इकडेतिकडे होतं हे धरलेलं असतं, त्यामुळे जहाजाच्या स्वतःच्या सॅम्पलला ०.५३ पर्यंत सप्लायर दाद देत नाही आणि नियमाने त्याचं बरोबर असतं. मार्पोलच्या बाटलीला मात्र ही सूट नाही, तिथे ०.५० म्हणजे ०.५०.

रिपोर्ट चांगला आणि इंजिन बंद, असंही होतं. २०२२ च्या सुरुवातीला सिंगापूरला तेच झालं, साधारण २०० जहाजांना क्लोरिनेटेड ऑरगॅनिक कंपाउंड (क्लोरीनयुक्त रसायनं) असलेलं तेल गेलं, त्यातल्या ८० च्या आसपास जहाजांनी फ्युएल पंप आणि इंजिनाच्या तक्रारी दिल्या. आयएसओ ८२१७ या जहाजी इंधनाच्या मानकाच्या नेहमीच्या टेस्टमध्ये हे दिसतच नाही, जीसी-एमएस ही रसायनं शोधणारी टेस्ट वेगळी सांगावी लागते. तिथल्या बंदर प्राधिकरणाने मग १ जून २०२४ पासून सप्लायरांना या टेस्ट सक्तीच्या केल्या. बाकी बंदरांवर आपलं आपणच बघायचं. शंका असेल तर पहिल्याच दिवशी लॅबला सांगा, पैसे जातील पण क्लेम वाचेल.

कागद: बीडीएन (बंकर डिलिव्हरी नोट, तेल दिल्याची पावती; जहाजावर ३ वर्षं ठेवायची), सॅम्पलची लेबलं आणि सील नंबर, लेटर ऑफ प्रोटेस्ट, लॅब रिपोर्ट, इंजिन लॉग, टाक्यांची साउंडिंग (तेलाच्या पातळीची मापं), कुठल्या टाकीत किती तेल गेलं, जुन्या तेलात मिसळलं की नाही. हे शेवटचं कोणीच लिहून ठेवत नाही आणि सप्लायर पहिला प्रश्न तोच विचारतो. बीडीएनचं एक बघा, १ मे २०२४ पासून त्यावर फ्लॅश पॉइंटचा (तेलाची वाफ पेट घेते त्या तापमानाचा) आकडा किंवा ७० अंश आणि वर असल्याचं लिहिलेलं लागतं, पण काही बार्जवाले अजून जुनीच छापील पॅडं संपवतायत. रकानाच नाही म्हटल्यावर पोर्ट स्टेटवाला (बंदरात जहाज तपासणारा अधिकारी) तुम्हाला धरतो, बार्जवाला तोवर घरी पोचलेला.

बीडीएन किंवा सॅम्पल मिळालंच नाही किंवा नियमाप्रमाणे नाही, तर फ्लॅग स्टेटला (जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्याला) कळवायचं, प्रत त्या बंदराच्या अधिकाऱ्यांना आणि सप्लायरला, एक जहाजावर. भारतीय झेंडा असेल तर डीजी शिपिंग (नौवहन महासंचालनालय). पोच मागा, नाही आली तर परत मेल टाका, "पाठवलं होतं" म्हणून पुढच्या बंदरात कोणी ऐकत नाही.

त्या सेकंडला मी फोनवर विचारलं लेबलवरचा सील नंबर आणि बाटलीचा नंबर जुळतो का. तो खाली लॉकरपर्यंत जाऊन आला, जुळत होता. डिलिव्हरीला २२ दिवस झाले होते. म्हटलं आजच्या आज चार्टररला नोटीस जाऊ दे, ती टाकी बंद कर, आणि काढलेले प्लंजर-बॅरल (फ्युएल पंपाचे भाग) स्क्रॅपच्या ड्रममध्ये गेले असतील तर आत्ता बाहेर काढ, पुसू नको, तसेच टॅग लावून फोटो काढून ठेव.