रॅलेची चाचणी आणि राव यांची अंतर-चाचणी

दिशांच्या नोंदी वर्तुळभर एकसमान विखुरल्या आहेत का, हे तपासण्यासाठी या दोन्ही चाचण्या वापरल्या जातात आणि दोन्हींची शून्य परिकल्पना (म्हणजे दिशा एकसमान आहेत हे तपासायचे गृहीतक) एकच असल्यामुळे कोणतीही वापरली तरी चालेल असा समज होतो. तो घातक आहे. रॅलेची चाचणी प्रत्येक दिशेला एकक सदिश (त्या दिशेने जाणारा एक लांबीचा बाण) मानून त्यांच्या सरासरीची लांबी मोजते; ती जितकी जास्त, तितकी एकसमानता संशयास्पद. राव यांची चाचणी, जी 1969 साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील प्रबंधातून पुढे आली, ती लगतच्या नोंदींमधील कोनीय अंतरे पाहते; ती जितकी असमान, तितके तिचे मूल्य मोठे.

कोकण किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात. उदाहरणापुरत्या सहा नोंदी घेऊ: 80, 90, 100, 260, 270 आणि 280 अंश. समोरासमोरचे सदिश एकमेकांना पूर्ण रद्द करतात, सरासरी शून्य येते आणि रॅलेच्या चाचणीला काहीच आढळत नाही, जरी वारा उघडपणे दोनच बाजूंनी वाहत असला तरी. राव यांच्या चाचणीत अंतरे 10, 10, 160, 10, 10, 160 अशी येतात. अपेक्षित अंतर 60 (360 भागिले 6) असल्यामुळे विचलनांच्या बेरजेचे निम्मे, म्हणजे 200 अंश, हे मूल्य मिळते, आणि सहा नोंदींसाठी ते जास्तीत जास्त 300 असू शकते. सगळे कोन दुप्पट केले, तर मात्र रॅलेची सरासरी लांबी 0.96 होते, पण त्यासाठी दोन विरुद्ध दिशांची शंका आधीच यावी लागते.

म्हणून सरसकट राव यांची चाचणी वापरावी का? माझ्या मते नाही. वाऱ्याची दिशा बहुधा दहा-दहा अंशांत नोंदवतात, म्हणजे शक्य मूल्ये अवघी 36. शंभर नोंदी असतील तर किमान 64 अंतरे शून्य होणारच, आणि प्रत्येकी 3.6 अंशांच्या तुटीमुळे राव यांचे मूल्य किमान 230.4 होते. मोठ्या नमुन्यात खरोखर एकसमान दिशांसाठी ते सुमारे 132 अपेक्षित असते. म्हणजे वारा कसाही वाहिला तरी परिकल्पना फेटाळली जाणार, आणि दोष वाऱ्याचा नसून नोंदवहीतल्या पूर्णांकनाचा असणार. रॅलेच्या चाचणीवर अशा पूर्णांकनाचा परिणाम नगण्य असतो, आणि एकाच दिशेकडे कल असल्याची शंका असेल तर तीच अधिक समर्थ ठरते.

दोन्ही चाचण्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे गृहीत धरतात. लागोपाठच्या तासांचा वारा तसा नसतो, त्यामुळे आकडेमोडीपूर्वी नोंदींमध्ये वेळेचे पुरेसे अंतर ठेवावे.