समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेतील शाखांचे विलीनीकरण : पार्श्वभूमी

अमेरिकेतील राष्ट्रीय समाजकार्यकर्ता संघटनेच्या दोन-तीन राज्य शाखांची मिळून एक शाखा करायचा विषय निघाला, की बोलणे बहुधा जमाखर्चावरून सुरू होते. सभासद घटले, पूर्णवेळ संचालकाचा पगार एकट्या शाखेला झेपत नाही, तेव्हा शेजारच्या राज्यासोबत एकच कार्यालय चालवू. हे कारण खोटे नाही. पण ही संघटना मुळात विलीनीकरणातूनच उभी राहिली आहे आणि तिच्या शाखांचा नकाशा याआधीही पुन्हा आखला गेला आहे. तेव्हाची कारणे निराळी होती.

१९१५मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा खऱ्या अर्थाने व्यवसाय नाही, असे भर सभेत सांगितले. ते या मंडळींना चांगलेच झोंबले. पुढची काही दशके शिक्षण, पात्रता आणि संघटना यांची जी धडपड दिसते, तिच्यामागे या भाषणाचा मोठा वाटा आहे. रुग्णालयांतील समाजकार्यकर्त्यांनी १९१८मध्ये आपली संघटना काढली, १९२१मध्ये सर्वसाधारण संघटना आली, १९२६मध्ये मनोविकार क्षेत्रातल्यांनी वेगळी चूल मांडली. शाळेत काम करणारे, गटकार्य करणारे, समुदाय संघटन आणि संशोधनातले, प्रत्येकाने आपापले मंडळ उभारले. १९४९पर्यंत अशा सात संघटना झाल्या. परिणाम असा, की रुग्णालयात नोकरी करणारी एखादी बाई क्षेत्राच्या संघटनेची वर्गणी भरायची आणि सर्वसाधारण संघटनेचीही. एकाच शहरात दोन-तीन शाखा, दोन-तीन कार्यकारिणी आणि सभांना पुष्कळदा तीच माणसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकीच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्या वर्षानुवर्षे लांबल्या. वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्यांना भीती होती, की मोठ्या संघटनेत आपले प्रशिक्षणाचे निकष सैल पडतील. त्यावर तोडगा निघाला तो असा : संघटना एक, पण आत प्रमुख क्षेत्रांचे वेगवेगळे विभाग. १ ऑक्टोबर १९५५ रोजी सातही संघटना विसर्जित होऊन नव्या संघटनेचे काम सुरू झाले. हे विभाग साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मोडीत निघाले, म्हणून काही जण त्यांना अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. सुरुवातीला ती हमी नसती, तर निदान दोन संघटना तरी दारातच थांबल्या असत्या. ब्रिटनमध्ये १९७०मध्ये अशाच संघटना एकत्र आल्या, तेव्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्यांची) संघटना बोलण्यांत सामील असूनही अखेर बाहेरच राहिली.

राष्ट्रीय पातळीवर सह्या झाल्या तरी खरे विलीनीकरण शहराशहरांत व्हायचे होते. कुणाच्या खात्यात किती शिल्लक, अध्यक्ष कोण, सभा कुणाच्या कार्यालयात भरवायची, अशा बारीकसारीक गोष्टींवर गाडी अडते ती याच पातळीवर. नव्या शाखाही शहर किंवा महानगर धरूनच आखल्या गेल्या आणि त्या काळाला ते साजेसे होते. नोकरी देणारी रुग्णालये, कुटुंबसेवा संस्था आणि त्यांना देणग्या वाटणारे निधी, सगळे शहरातच होते. कामावरून सुटून संध्याकाळच्या सभेला पोचता येणे ही शाखेची व्यवहार्य हद्द होती.

हा हिशेब बदलला तो कायद्यामुळे. अमेरिकेत व्यवसायाचा परवाना राज्य देते, केंद्र नाही. समाजकार्याचे नियमन पहिल्यांदा १९३४मध्ये अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटावर आले, १९४५मध्ये कॅलिफोर्नियात नोंदणी सुरू झाली. पण परवान्यासाठी राज्योराज्यी नेट लावायचा निर्णय संघटनेने १९६९मध्ये घेतला. त्याच वर्षीच्या मतदानाने पदवीधरांनाही सभासदत्व खुले झाले. तोवर पदव्युत्तर पदवी लागत असे. १९७५च्या सुरुवातीला सामाजिक सुरक्षा कायद्यात विसावे प्रकरण जोडले गेले आणि समाजसेवांचा केंद्रीय पैसा कसा खर्च करायचा, हे बरेचसे राज्यांच्या हाती आले. आता विधिमंडळात बाजू मांडायची तर एकाच राज्यातल्या चार शहर शाखांनी चार निवेदने नेऊन भागणार नव्हते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात शहर शाखा एकत्र करून राज्य शाखा झाल्या. पुढे बराच काळ शाखांची संख्या ५५ राहिली : पन्नास राज्ये आणि वर न्यूयॉर्क शहर, देशाची राजधानी वॉशिंग्टनचा परिसर अशा काही शाखा. न्यूयॉर्क शहराने राज्यापासून वेगळे राहणे पदरात पाडून घेतले, यावरून मोठ्या सभासदसंख्येचे वजन कळते.

सगळे या छताखाली राहिले असे मात्र नाही. कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांनी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापली. १९७१मध्ये चिकित्सात्मक, म्हणजे मानसोपचाराचे काम करणाऱ्यांच्या राज्य मंडळांनीही आपला महासंघ केला.

आजवरचे दोन्ही नकाशे, शहराचा आणि राज्याचा, शाखेला कुणाशी बोलायचे आहे यावरून ठरले. बहुराज्य शाखेची हद्द मात्र ताळेबंद ठरवतो, आणि अडचण इथेच येते. दोन राज्यांच्या शाखा एक झाल्या तरी विधिमंडळे दोन, परवाना मंडळे दोन, नूतनीकरणासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या तासांचे नियमही दोन. अधिवेशने एकाच वेळी भरली, तर एकटा संचालक कुठल्या राजधानीत बसणार? म्हणून विलीनीकरणाचा मसुदा वाचताना कार्यकारिणीत प्रत्येक राज्याला किती जागा, राज्यनिहाय कायदेविषयक समिती टिकणार का आणि एका राज्यात गोळा झालेला राखीव निधी दुसरीकडे वापरता येईल का, ही कलमे आधी पाहावीत. कार्यालयाच्या भाड्यातली बचत त्यानंतरची.

परवान्याची बाजू मात्र हलू लागली आहे. एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करू देणारा आंतरराज्य करार २०२३मध्ये सर्वप्रथम मिसुरीने कायद्यात आणला आणि तो अमलात येण्यासाठी लागणारी सात राज्यांची अट २०२४मध्ये पूर्ण झाली. तरीही परवान्याच्या अटी आणि गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतले मोबदल्याचे दर राज्यच ठरवते.