युवक मंडळ (ग्रामीण विदर्भ)

गावातल्या तरुणांनी वर्गणी आणि अंगमेहनतीवर चालवलेली संघटना. विदर्भात लहान गावातही अशी एखादी सापडते. मोठ्या गावात वस्तीगणिक वेगळी. नाव क्रीडा मंडळ असो, नवयुवक मंडळ असो की जयंती उत्सव समिती, एका वस्तीत राबणारी माणसे बहुधा तीच असतात. घटनेत उद्दिष्टे भरपूर लिहिलेली असतात: व्यायाम, वाचनालय, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, राष्ट्रीय एकात्मता. ही यादी बरेचदा शेजारच्या गावच्या घटनेवरून जशीच्या तशी उतरवलेली असते, म्हणून तिच्यावर फार विसंबू नये. मंडळ काय करते ते त्याच्या खोलीत कळते. सतरंज्यांच्या गुंडाळ्या, भात शिजवायचे गंज म्हणजे मोठी पातेली, वाढायच्या बादल्या, खंजिऱ्या, मैदानावर रेषा मारायचा चुना, कोपऱ्यात गेल्या निवडणुकीत कुणीतरी दिलेली क्रिकेटची किट. लग्न असो वा तेरवी, आलू-वांग्याची भाजी शिजवायला आचारी सांगावा लागतो, पण पंगत वाढायला मंडळाची पोरे असतात आणि त्यासाठी त्यांना वेगळे आमंत्रण लागत नाही.

या संघटनेची मुळे आखाड्यात आहेत. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातल्या खेड्यांत मारुतीच्या देवळामागे लाल माती टाकून कुस्ती खेळणारी पोरे आधीपासून होतीच. शिस्त, गणवेश, शिट्टी आणि सामन्यांचे नियम या गोष्टींना अमरावतीसारख्या केंद्रांमुळे बळ मिळाले.

दुसरे मूळ भजनाचे, आणि ते अधिक खोल गेले. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेची ग्रामसफाई हा दिनक्रम खेड्यापाड्यांत नेला. झाडू हातात घेण्याचा धडा गाडगेबाबांनीही याच मुलखाला दिला होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, चिमूर आणि आष्टीत उसळलेल्या उठावामागे याच भजनी वातावरणातले तरुण होते. चिमूरला बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीबारात गेला आणि त्याच महिन्यात महाराजांनाही अटक झाली. त्यांची जयंती ३० एप्रिलला ग्रामजयंती म्हणून होते. त्या दिवशी गाव झाडण्याचा प्रघात अनेक मंडळांनी टिकवला आहे. खंजिरी भजनाच्या स्पर्धाही अजून भरतात आणि त्यात म्हातारे आणि पोट्टे एकाच रांगेत बसतात.

‘गावाचे मंडळ’ असे सरसकट बोलणे मात्र दिशाभूल करणारे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये विहार उभे राहिले आणि त्यांच्याभोवती तरुणांची स्वतंत्र मंडळे. १४ एप्रिलची मिरवणूक, विहारातले वाचनालय, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार ही त्यांची कामे. शिक्षणाचा आग्रह या मंडळांनी इतरांपेक्षा कितीतरी आधी धरला, तरी गावाच्या इतिहासाच्या स्मरणिकांत त्यांना एखादी ओळ मिळते. गावातली मंडळे पुष्कळदा जातीच्या रेषेवरच उभी आहेत. कबड्डीच्या संघात चढाई करणारा चांगला असला की वस्ती विचारली जात नाही. ती विचारली जायची पंगतीत.

सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते १९७२ मध्ये, नेहरू युवा केंद्रांच्या रूपाने. १९८७ मध्ये त्यांचे नेहरू युवा केंद्र संघटन झाले. जिल्ह्याच्या केंद्राशी जोडून घेतलेल्या मंडळाला क्रीडा साहित्य, शिबिरे, तालुका पातळीवरच्या स्पर्धा मिळू लागल्या, आणि त्यासोबत कागदही आले. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, दरवर्षी हिशेब. घोडे अडते ते बदल अर्जावर. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत तो द्यायचा असतो, पण नोंदणी करून देणारा उत्साही अध्यक्ष पुण्याला कंपनीत लागतो, सचिवाचे लग्न होते आणि परिशिष्ट-एक या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर पहिलीच नावे वर्षानुवर्षे राहतात. मग समाजमंदिरासाठी निधी आला की उताऱ्यावरच्या माणसांच्या सह्यांसाठी धावाधाव सुरू होते. काही नावे तोवर वारलेली असतात. नोंदणी नसलेली मंडळे या बाबतीत सुखी म्हणायची. पावती पुस्तक आणि गावाचा डोळा एवढेच त्यांचे ऑडिट.

मुलूख बदलला की मंडळाचा हंगामही बदलतो. अकोला भागात श्रावण हा कळस: गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीने आणून अकोल्याच्या राजराजेश्वर महादेवाला घालणारी पथके म्हणजे बहुतांशी मंडळेच. पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, धान घरात आले की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभराचे नाटक येते. मंडळ वडसा-देसाईगंजच्या एखाद्या नाट्यसंचाला ठरवते, इसार देते, शामियाना टाकते, तिकिटे विकते. तोटा आला तर पोरे खिशातून भरतात. घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. बैलांच्या शर्यती २०१४ मध्ये न्यायालयाने थांबवल्यावर पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांनाही झळ बसली; डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाल्यावर पट पुन्हा भरू लागले. गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत तरुणांनी जमण्याची जागा म्हणजे गोटुल, आणि ती या सगळ्या मंडळांहून पुष्कळ जुनी आहे.

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यात विदर्भातला वरूड होता. संत्र्यासाठी बोअर खोल खोल नेणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात पहाटे चर खणायला निघालेल्या गावकऱ्यांत ही पोरे पुढे होती. श्रमदान नवे नव्हते, मोजमाप नवे होते.

गेल्या काही वर्षांत मंडळाची जागा पोलीस भरतीच्या सरावाने घेतल्यासारखी झाली आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर चुन्याने खुणा केलेल्या असतात, पोरे १६०० मीटर पळतात, पोरी ८००, मग गोळाफेक. यातली एक गोष्ट मोलाची: मंडळाच्या साऱ्या इतिहासात पोरींना रांगोळी आणि स्वागतगीतापुरते बोलावले जाई, मैदानात त्या आल्या भरतीमुळे. वर्गणी काढून चालवलेल्या अभ्यासिकेतही आता त्यांच्यासाठी वेगळी बाके लागतात. पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्यांची नावे अजून क्वचितच दिसतात.